वर्ग गप्प बसतो तेव्हा चर्चा कशी घडवावी?

तालुक्याच्या ठिकाणी तासिका तत्त्वावर इतिहास शिकवणाऱ्या एका तरुण प्राध्यापकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "द्वितीय वर्ष कला शाखेच्या माझ्या वर्गात ७० विद्यार्थी आहेत. केवळ व्याख्यान देऊन निघून जाणे मला पटत नाही. वर्गात चर्चा व्हावी असे मनापासून वाटते. परंतु प्रश्न विचारला की पहिल्या बाकावरचे तीन-चार जण उत्तर देतात आणि बाकीचे खाली मान घालतात. अभ्यासक्रम मागे पडतो, आणि 'सर, नोट्स कधी देणार?' अशी विचारणा होते. मुलांची पातळीच अशी असेल, तर चर्चेचा आग्रह सोडून द्यावा का?"

मी गेली २८ वर्षे इतिहास शिकवते आहे. त्यांपैकी पहिली नऊ वर्षे अशाच एका महाविद्यालयात गेली आणि त्यानंतरची विद्यापीठाच्या विभागात. आग्रह सोडू नका, असे मी आधीच सांगते. मात्र तुमच्या प्रश्नातील 'पातळी' हा शब्द मला आधी बाजूला काढून ठेवावासा वाटतो, कारण तो मनात राहिला तर पुढचे काहीच हाती लागत नाही. हीच मुले एसटीच्या थांब्यावर कापसाच्या भावावरून, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीवरून किंवा भरती परीक्षेच्या निकालावरून कशी वाद घालतात, हे तुम्ही ऐकलेच असेल. तिथे दाखले दिले जातात, समोरच्याचे म्हणणे खोडले जाते, प्रसंगी मान्यही केले जाते. वाद घालण्याची, म्हणजेच कारण देऊन बोलण्याची क्षमता त्यांच्याकडे आहे. ती वर्गाच्या दाराशी का थांबते, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर बऱ्याच अंशी आपण विचारतो त्या प्रश्नांत आहे.

"दख्खनच्या दंग्यांची (म्हणजे १८७५ मध्ये शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध केलेल्या दंग्यांची) कारणे कोणती?" हा प्रश्न वरकरणी मोकळा वाटतो, पण त्याचे उत्तर गाइडमध्ये पाच मुद्द्यांत छापलेले आहे आणि ते शिक्षकांना पाठ आहे, हे विद्यार्थ्याला ठाऊक असते. अशा वेळी बोलणाऱ्याला मिळण्यासारखे फार थोडे असते आणि गमावण्यासारखे पुष्कळ. बरोबर बोलला तर शिक्षक मान डोलावून पुढे जातात. चुकला तर ७० जणांच्या देखत चुकतो. या परिस्थितीत गप्प बसणे हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो, आणि त्याबद्दल मुलांना दोष देता येत नाही.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मीही असेच प्रश्न विचारत होते, आणि त्यावर आणखी एक चूक करत होते. प्रश्न विचारून झाला की क्षणभर थांबून मी स्वतःच उत्तर देऊन टाकत असे. एकदा एक ज्येष्ठ सहकारी माझ्या तासाला मागच्या बाकावर बसले, आणि तासानंतर त्यांनी एवढेच सांगितले की तुम्ही अकरा प्रश्न विचारले आणि अकराही प्रश्नांची उत्तरे तुम्हीच दिलीत. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने शाळांतील वर्ग तपासून हीच गोष्ट दाखवून दिली होती, हे मला पुष्कळ नंतर कळले. शिक्षक प्रश्नानंतर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तो अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढवला तरी उत्तरे लांबतात, उत्तरांमागची कारणे येऊ लागतात आणि एरवी न बोलणारी मुले बोलू लागतात, असे त्यांना आढळले. माझ्या वर्गाने एव्हाना एक साधा धडा शिकून घेतला होता: थोडा वेळ कळ काढली की बाई सांगतातच.

पुढे जाण्यापूर्वी काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हे मान्य करायला हवे. ७० चा वर्ग आणि १५० चा वर्ग यांत फरक आहे. प्रश्नपत्रिका कोण काढते आणि अंतर्गत गुण तुमच्या हातात आहेत का, यानेही बराच फरक पडतो. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या शिक्षकाला विभागप्रमुखांची नाराजी ओढवून घेणे परवडत नाही, हेही मला ठाऊक आहे. शिवाय प्रत्येक घटक चर्चेला योग्य नसतो. कालक्रम, प्रशासकीय रचना, रयतवारी म्हणजे काय यांसारख्या संज्ञा या गोष्टी नीट व्याख्यान देऊन सांगाव्यात. त्यांवर चर्चा करवणे म्हणजे मुलांना अंदाज बांधायला लावणे होय. मी आजही निम्म्याहून अधिक तास व्याख्यानच देते. चर्चेचा तास त्या व्याख्यानाच्या आधारावर उभा राहतो.

आता मी काय करते ते एका उदाहरणातून सांगते, कारण पद्धतीबद्दल नुसते बोलून फारसे हाती येत नाही. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांचा घटक मी तीन तासांत घेते. पहिल्या तासात व्याख्यान असते: अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ मध्ये, कापसाला आलेली तेजी आणि सढळ मिळालेले कर्ज, युद्ध संपल्यावर उतरलेले भाव आणि आखडलेले कर्ज, त्याच सुमारास झालेल्या फेरआकारणीत अनेक गावांत ५० ते १०० टक्क्यांनी वाढलेला सारा (जमिनीवरील सरकारी कर), आणि १२ मे १८७५ रोजी सुपे येथे बाजाराच्या दिवशी जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांवर केलेला हल्ला, जो पुढे पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. हे सारे मी सरळ सांगते. त्याविषयी कुणालाही काही विचारत नाही.

दुसऱ्या तासाला प्रत्येक दोघांत एक, असा झेरॉक्स केलेला एकच कागद देते. त्यावर दोन उतारे असतात. दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने जमवलेल्या कागदपत्रांतून ते मी मराठीत आणले आहेत. पहिला उतारा कर्जत तालुक्यातील मिरजगावच्या रयतेने अहमदनगरच्या कलेक्टरकडे केलेल्या अर्जातला आहे. रोखीने घेणाऱ्यापेक्षा आम्हाला कापड आणि धान्य २५ ते ५० टक्के चढ्या दराने दिले जाते, शेतातला माल सावकार नेतो पण तो खात्यावर जमा करत नाही आणि पावतीही देत नाही, अशी त्यात तक्रार आहे. दुसरा उतारा एका भाडेपत्राचा आहे. कर्जापोटी एका शेतकऱ्याने आपल्या लोखंडी आसाच्या दोन गाड्या आणि चार बैल सावकाराला विकले आहेत, आणि त्याच गाड्या व तेच बैल दरमहा चार रुपये भाड्याने परत घेतले आहेत.

हा दुसरा उतारा वाचून झाला की वर्गात जी शांतता पसरते, ती तुमच्या वर्गातल्या शांततेहून वेगळी असते. स्वतःच्याच बैलांचे भाडे भरणारा माणूस डोळ्यांसमोर उभा राहिलेला असतो. मग मी प्रश्न फळ्यावर लिहिते. तोंडी विचारत नाही, कारण तोंडी प्रश्न ऐकता ऐकता निसटतो. प्रश्न असा: "दंगे करणाऱ्यांनी बहुतेक ठिकाणी माणसांपेक्षा कर्जखते आणि हिशेबाच्या वह्या यांच्यावर राग का काढला?"

या प्रश्नाचे एकच उत्तर माझ्याजवळ तयार नाही आणि ते मुलांनाही जाणवते. कुणी म्हणते, पुरावाच नष्ट झाला तर कोर्टात दावा टिकणार नाही. कुणी म्हणते, वाचता न येणाऱ्याला कागदाचीच अधिक भीती वाटते. एका वर्षी मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला की उद्या पेरणीला पुन्हा त्याच सावकाराकडे जायचे होते, म्हणून माणूस ठेवला आणि कागद जाळला. ही तिन्ही उत्तरे कारणासह मांडता येतात आणि परस्परांना भिडतात. चर्चा सुरू होते ती इथे, आणि एवढ्याचसाठी विद्यार्थ्याच्या हातात आधी कागद असणे मला अत्यावश्यक वाटते. रिकाम्या हाताच्या माणसाला मत विचारले की तो आपली लायकी तपासली जात आहे असे समजतो. हातात पुरावा असला की तो पुराव्याबद्दल बोलतो.

प्रश्न फळ्यावर आल्यावर लगेच हात वर करायला मी सांगत नाही. दोन मिनिटे प्रत्येकाने वहीत दोन ओळी लिहायच्या, पुढची तीन-चार मिनिटे शेजाऱ्याशी बोलायचे, आणि मग वर्गासमोर मांडायचे. फ्रँक लायमन या अमेरिकन अध्यापकांनी १९८१ मध्ये हा क्रम मांडला आणि तो जगभर वापरला जातो. आपल्याकडची बाके हलवता येत नाहीत म्हणून चर्चा होत नाही असे पुष्कळदा ऐकू येते. पण जोडीने बोलायला बाक हलवावे लागत नाही, चौघांना बोलायचे असल्यास पुढच्या दोघांनी मागे वळले की पुरते. महत्त्वाचे हे की, वर्गासमोर बोलण्यापूर्वी प्रत्येकाने आपले म्हणणे एका माणसासमोर मांडून पाहिलेले असते. मग मी "तुमचे मत काय?" असे न विचारता "तुम्हा दोघांत काय बोलणे झाले?" असे विचारते. या बदलाने चुकण्याचा भार एकट्याच्या डोक्यावर राहत नाही.

भाषेचा मुद्दा मात्र मला सर्वांत कळीचा वाटतो, आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. ग्रामीण महाविद्यालयातील पुष्कळ विद्यार्थी विषय कळत नाही म्हणून नव्हे, तर आपली बोली वर्गात हसण्याचा विषय होईल या भीतीने गप्प असतात. शाळेत कधीतरी 'न' आणि 'ण' वरून त्यांना अडवलेले असते, आणि ती जखम महाविद्यालयापर्यंत येते. माझ्या पहिल्या नोकरीत एका विद्यार्थिनीने संपूर्ण सत्रात एक शब्द उच्चारला नव्हता. तिच्या उत्तरपत्रिका उत्तम असत. कारण विचारले तेव्हा ती म्हणाली की प्रथम वर्षाला तिने वर्गात एक वाक्य बोलल्यावर शिक्षकांनी आधी तिचा उच्चार सुधारला आणि मग वाक्य ऐकलेच नाही. त्या दिवसापासून सत्राच्या पहिल्याच तासाला मी स्पष्ट सांगते की वर्गात बोलताना घरची भाषा चालेल. लेखनात प्रमाण मराठी आपण स्वतंत्रपणे शिकू. बोलणाऱ्याचा मुद्दा फळ्यावर लिहिताना शक्य तितके त्याचेच शब्द ठेवते. अहिराणीत किंवा वऱ्हाडीत सांगितलेला मुद्दा बाईंनी तसाच फळ्यावर लिहिला, हे वर्ग पाहतो आणि त्याचा परिणाम माझ्या कोणत्याही आश्वासनापेक्षा अधिक होतो.

पहिल्या बाकावरच्या तीन-चार जणांना गप्प करू नका. त्यांचा उत्साह ही वर्गाची ठेव आहे. मात्र त्यांना वेगळे काम द्या. मी त्यांना इतरांचे मुद्दे ऐकून त्यांतील मतभेद नेमका कुठे आहे ते शेवटी सांगायला लावते, आणि त्यासाठी त्यांना मन लावून ऐकावे लागते. जोड्या बोलत असताना मी बाकांमधून जाते, एखाद्या अबोल मुलीच्या वहीतील ओळ वाचते आणि हळूच विचारते, "हे चांगले आहे, मी नंतर तुला विचारले तर सांगशील का?" बहुतेक वेळा होकार मिळतो. अचानक नाव घेऊन उभे करणे मी पूर्णपणे सोडून दिले आहे. त्याने एका तासापुरती उत्तरे मिळतात, पण पुढच्या तासाला हजेरी घटते.

चुकीचे उत्तर आल्यावर काय करावे, याबाबत मी दोन गोष्टी वेगळ्या ठेवते. तथ्य चुकले असेल, उदाहरणार्थ दंगे १८५७ च्या उठावाचा भाग होते असे कुणी म्हणाले, तर ते तिथल्या तिथे आणि साध्या आवाजात दुरुस्त करावे. चर्चेच्या नावाखाली चुकीचे तथ्य फळ्यावर राहू देणे हा विषयाशी केलेला अन्याय आहे. परंतु अर्थ लावण्यात मतभेद असेल तर निवाडा करण्याची घाई करू नये. त्या वेळी मी एकच प्रश्न विचारते: "हे कागदावर कुठे दिसते?" सत्राच्या मध्यापर्यंत हा प्रश्न मुले एकमेकांना विचारू लागतात, आणि इतिहासाच्या शिक्षिकेला याहून अधिक काही नको असते.

कर्ज आणि सावकारी हा विषय आपल्याकडे भूतकाळात बंद झालेला नाही. राज्याला २०१४ मध्ये सावकारीच्या नियमनासाठी नवा कायदा करावा लागला, यावरूनच ते दिसते. वर्गात बसलेल्या कुणाच्या घरी कर्जापायी फार मोठे दुःख घडून गेलेले असू शकते. दुसरीकडे, १८७५ च्या कागदपत्रांत सावकारांचा उल्लेख गुजर आणि मारवाडी असा समाजाच्या नावाने येतो, आणि त्या समाजांतील विद्यार्थीही वर्गात असू शकतात. म्हणून कुणालाही स्वतःच्या घरचा अनुभव सांगण्याचा आग्रह मी करत नाही. स्वतःहून कुणी सांगितला तर सर्वांनी ऐकून घ्यावा, त्यावर उलटतपासणी करू नये, असा नियम आहे. एखाद्या समाजाबद्दल सरसकट विधान आले की चर्चा थांबवून मी व्यवहाराच्या रचनेकडे वळवते. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जखताला तीनच वर्षांची मुदत दिली होती. व्याजाचा डोंगर साचू नये हा हेतू होता, पण घडले असे की दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेतले जाऊ लागले. मग प्रश्न येतो: रयतेच्या भल्यासाठी केलेला नियम तिच्याच गळ्याशी कसा आला? इथे दोष माणसाच्या जातीत शोधण्याची सवय सुटते आणि कायदा, कोर्ट, सारा व पीक यांचे एकमेकांशी असलेले नाते दिसू लागते.

तिसऱ्या तासाचा प्रश्न अधिक कठीण असतो. आयोगाने साऱ्याचे ओझे हे दंग्यांचे कारण मानले नाही आणि दोष सावकारांकडे दिला. आयोग नेमणारे सरकारच सारा वसूल करत होते. तेव्हा या निष्कर्षावर किती विश्वास ठेवावा, आणि ठेवायचा नसेल तर त्याच आयोगाने जमवलेले अर्ज आपण पुरावा म्हणून कसे वापरतो? या प्रश्नावर पदव्युत्तर वर्गही अडखळतो. द्वितीय वर्षाला तो विचारू नये असे मला पूर्वी वाटत असे. आता तसे वाटत नाही. १८७९ च्या डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्टची, म्हणजे दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देण्यासाठी केलेल्या कायद्याची, माहिती मी या चर्चेनंतर देते, आधी नाही, कारण सरकारने काय केले हे आधी कळले की मुले त्याला जुळणारे कारण शोधत मागे येतात.

आता नोट्सची मागणी. तिच्याबद्दल रागावू नका; परीक्षा त्यांना द्यायची आहे. चर्चेच्या तासाची शेवटची दहा मिनिटे मी राखून ठेवते, फळ्यावरचे मुद्दे वर्गाकडूनच क्रमाने लावून घेते, आणि दहा गुणांच्या उत्तराचा आराखडा तिथेच तयार होतो. या दहा मिनिटांना कधीही कात्री लावू नका. ती गेली की मुलांच्या मनात "आज सरांनी काही शिकवलेच नाही" एवढेच उरते. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राच्या प्रारंभिक वर्गांवर झालेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला: स्वतः विचार करायला लावणाऱ्या तासांत विद्यार्थी अधिक शिकले, पण सफाईदार व्याख्यान ऐकताना आपण अधिक शिकत आहोत असे त्यांना वाटले. तो विषय आणि तो वर्ग आपल्यापासून दूर आहे हे खरे, तरी ही तक्रार मी इतकी वर्षे ऐकली आहे की तो निष्कर्ष मला ओळखीचा वाटला. म्हणून सत्राच्या आरंभीच मी हे मुलांना सांगून टाकते की या तासांत डोके शिणेल आणि काही मिळाले नाही असे वाटेल. पहिल्या चाचणीनंतर आपण पुन्हा बोलू.

अभ्यासक्रम मागे पडतो हे खरे आहे, आणि त्यावर माझ्याकडे एकच उपाय आहे: प्रत्येक घटकात चर्चेचा तास ठेवू नका. सत्राला चार घटक असतील तर पहिल्या वर्षी दोनच निवडा. ज्या भागावर गाइडमध्ये वाचून पुरेसे कळते, तो भाग वाचायला द्या आणि त्यावर हजेरीच्या वेळी पाच छोटे प्रश्न विचारा. अंतर्गत गुण हातात असतील तर बोलण्याला गुण देऊ नका; मी दोन वर्षे दिले आणि पाहिले की ज्यांना बोलता येत होते त्यांनाच ते मिळाले. त्याऐवजी वहीतील त्या दोन ओळींना गुण द्या. शेजारच्या वर्गाला गोंगाटाचा त्रास होत असेल तर चर्चेचा वार त्या सहकाऱ्यांना आधी सांगून ठेवा, आणि विभागप्रमुखांना एखाद्या तासाला येऊन बसण्याची विनंती करा. बाहेरून ऐकलेला आवाज आणि आत बसून ऐकलेले बोलणे यांत फार अंतर असते.

थोडक्यात पुन्हा सांगते: आधी व्याख्यान, मग हातात एक कागद, फळ्यावर एकच खरा प्रश्न, लिहायला आणि शेजाऱ्याशी बोलायला वेळ, घरच्या भाषेला मुभा, आणि शेवटी दहा मिनिटे बांधणीची. पहिला तास फसण्याची शक्यता पुष्कळ आहे. माझा पहिला असा तास वीस मिनिटांत संपला आणि उरलेला वेळ मी घाईने व्याख्यान दिले. तिसऱ्या-चौथ्या तासापर्यंत धीर धरा.

आणखी एक गोष्ट जरूर करा. तास संपताना प्रत्येकाकडून अर्ध्या पानाच्या चिठ्ठीवर एक न सुटलेला प्रश्न लिहून घ्या, नाव लिहिण्याची सक्ती न करता. भाडेपत्राच्या तासानंतर एकदा मला आलेल्या चिठ्ठीवर लिहिले होते: "शेतकऱ्याला लिहिता येत नव्हते, तर या कागदातला 'मी' कोणी लिहिला?" कागद लिहिणारा वेगळा, त्याचे इंग्रजी भाषांतर करणारा वेगळा, आणि ते पुन्हा मराठीत आणणारी मी वेगळी. इतकी वर्षे तो उतारा शिकवूनही हे मी वर्गात कधी मांडले नव्हते. पुढचा तास मी ती चिठ्ठी फळ्यावर उतरवून सुरू केला.